गिलानाची भाषा : एका ग्रंथाचे परिशीलन

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात कुक्षिविकाराने पीडित झालेल्या एका भिक्खूची कथा आली आहे. स्वतःच्या मलमूत्रात पडून असलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि नंतर संघाला एकत्र बोलावून रुग्णसेवेचा नियम घालून दिला. ही कथा आमच्या वाचकांना परिचित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती आवर्जून घेतली आहे. या कथेच्या पाठोपाठ येणाऱ्या याद्यांकडे मात्र अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. कोणत्या रुग्णाची सेवा करणे कठीण असते, हे तेथे पाच लक्षणांनी सांगितले आहे. तो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, वेदना सोसत नाही, आणि आपले दुखणे जसे आहे तसे सेवकाला सांगत नाही. सेवकाचीही पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे, हितकर काय आणि अहितकर काय हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस बाळगू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करावे.

या याद्या पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले की दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रुग्ण आणि सेवक यांना एकमेकांचे बोलणे कळते, हे ते गृहीत होय. दुखणे जसे आहे तसे सांगावयाचे, तर ऐकणाऱ्याला ती भाषा यावयास हवी. धम्मकथेने मन प्रसन्न करावयाचे, तर रुग्णाला ती कथा समजावयास हवी. जो सांगू इच्छितो, सांगतोही, परंतु ज्याचे शब्द समोरच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्या रुग्णाची गणना कोठे करावयाची? यादी अक्षरशः लावली तर तो 'कठीण रुग्ण' ठरतो. आणि आजच्या जगातील मोठमोठ्या रुग्णालयांत तो तसाच ठरविला जातो. अ‍ॅन फॅडिमन या अमेरिकन लेखिकेचा 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाऊन' हा ग्रंथ अशा एका रुग्णाची व तिच्या आईवडिलांची कहाणी सांगतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला त्या वर्षीचा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार मिळाला, आणि अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत तो विद्यार्थ्यांना वाचावयास दिला जातो. गिलान-उपस्थानाचा विचार करणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. तथापि तो जसाच्या तसा स्वीकारावा, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

प्रथम कथाभाग. ह्मोंग हे लाओसच्या डोंगराळ प्रदेशातील लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने सेनापती वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे गुप्त सैन्य उभारले. १९७५ साली लाओसमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर हजारो ह्मोंग मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले आणि तेथून अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियातील मर्सेड या शेतीप्रधान गावी त्यांची मोठी वस्ती झाली. तेथे १९८२ साली लिया ली हिचा जन्म झाला. सुमारे तीन महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. आईवडिलांनी या दुखण्याला लगेच नाव दिले. ह्मोंग भाषेत त्याला 'कौ दा पे' म्हणतात; म्हणजे कोणा शक्तीने धरणे आणि माणसाने कोसळणे. हा शब्द अपस्माराचाच वाचक आहे. म्हणजे रोगाचे निदान घरात आधीच झालेले होते. परंतु आईवडील तिला घेऊन रुग्णालयात पोहोचेपर्यंत झटका ओसरलेला असे, दुभाष्या नसे, आणि डॉक्टरांना दिसे तो केवळ खोकला. दोन वेळा छातीच्या विकाराचे औषध देऊन तिला घरी पाठविण्यात आले. तिसऱ्या वेळी ती झटके येत असतानाच पोहोचली, तेव्हा निदान झाले.

पुढील चार वर्षांच्या आत तिची औषधयोजना २३ वेळा बदलली. बाटल्यांवरील मजकूर इंग्रजीत होता, आणि आईवडिलांना कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. औषधे नियमाने दिली जात नाहीत, या कारणावरून न्यायालयाच्या आदेशाने १९८५ साली मुलीला त्यांच्यापासून काढून जवळजवळ वर्षभर परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. ती परत आली. परंतु नोव्हेंबर १९८६ मध्ये आलेला दीर्घ झटका आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांमुळे तिच्या मेंदूचे बहुतेक कार्य कायमचे थांबले. ती मरणार, अशी डॉक्टरांची खात्री झाली.

आमच्या दृष्टीने ग्रंथाचा मर्मभाग येथे आहे. मुलगी मरणारच असेल तर तिला घरी न्यावे, तिच्या लोकांत तिचा शेवट व्हावा, अशी आईवडिलांची इच्छा होती. डॉक्टरांनाही ते मान्य होते. दोन्ही पक्षांचे एकमत झाल्याचा या दीर्घ कहाणीतील हा बहुधा पहिलाच प्रसंग. त्यासाठी वडिलांची एका कागदावर सही हवी होती. त्या वेळी काय बोलले गेले याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत; परंतु वडिलांना जे समजले ते असे, की मुलगी दोन तासांत मरणार असून ते या कागदावर लिहिले आहे. ह्मोंग समाजात एखाद्याच्या मरणाची वेळ उच्चारणे हा घोर अपराध समजला जातो. जो ती सांगतो तो ती घडवून आणणार, असा त्याचा अर्थ होतो. वडिलांनी मुलीला उचलले आणि ते जिन्यावरून पळत सुटले. त्यांना अडवून परत आणण्यात आले. पुढे रीतसर सुटका होऊन ती घरी गेली, ती मरण्यासाठी. प्रत्यक्षात ती आईच्या सेवेवर जगली. भरवणे, न्हाऊ घालणे, पाठीवर बांधून फिरविणे हे सर्व वर्षानुवर्षे चालले. ऑगस्ट २०१२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. महावग्गातील सेवकलक्षणांपैकी मैत्री आणि मलमूत्राची किळस नसणे ही दोन्ही त्या निरक्षर मातेच्या ठिकाणी पूर्णपणे होती. ज्या व्यवस्थेने तिला मुलीच्या संगोपनास अपात्र ठरविले होते, तिच्यातील डॉक्टरांनीही पुढे ते मान्य केले.

फॅडिमन यांच्या लेखनाचा मोठा गुण हा की त्या डॉक्टरांना खलनायक करीत नाहीत. मर्सेडचे डॉक्टर कष्टाळू होते, मुलीविषयी त्यांना कळकळ होती, रात्री-अपरात्री ते धावून येत असत. दुसरा गुण रचनेचा. रुग्णाच्या कथेचे एक प्रकरण आणि ह्मोंग इतिहासाचे एक प्रकरण, अशी वीण त्यांनी घातली आहे. त्यामुळे दवाखान्यात गप्प बसलेला बाप वाचकाला केवळ अडाणी दिसत नाही. युद्ध, पलायन आणि छावणी यांतून आलेला मनुष्य दिसतो. सरकारी कागदावर सही करण्याची त्याला भीती का वाटावी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

मर्यादा मात्र ग्रंथाच्या उपशीर्षकापासूनच सुरू होते. ही दोन संस्कृतींची टक्कर आहे, असे लेखिका तेथे सांगतात. टक्कर म्हटली की दोन घट्ट, अचल वस्तू डोळ्यांपुढे येतात, आणि त्या आदळणे अटळ होते असे वाटू लागते. जॅनेल टेलर या मानवशास्त्रज्ञ विदुषीने २००३ साली याच ग्रंथावर लिहिताना हा आक्षेप घेतला आहे. शोकांतिकेचा घाट स्वीकारला की संस्कृती ही नियतीची जागा घेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत; आणि ज्यांचा पाया अनित्यतेच्या शिकवणुकीवर आहे त्या अभ्यासकांना हा आक्षेप लवकर पटावा. 'ह्मोंग संस्कृती' असा अविकारी पिंड कोठेही नाही. ज्या भाषेला १९५० नंतरच्या दशकात रोमन लिपी मिळाली, जिच्या बोलणाऱ्यांनी एका पिढीत तीन देश पाहिले, तिचे लोक क्षणोक्षणी बदलत होते. रुग्णालयही बदलू शकत होते. पहिल्या दोन रात्री दुभाष्या नव्हता, ही संस्कृतींची टक्कर नव्हे; ते एक रिकामे पद होते. ज्या गोष्टीचा उपाय महिन्याच्या वेतनात होतो तिला संस्कृती हे नाव दिले, की कोणीच जबाबदार राहत नाही.

अर्थात केवळ दुभाष्याने सर्व भागले असते, असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. कागदाचा प्रसंग पाहावा. तेथे शब्द कसेबसे पोहोचले होते. उलटला तो अर्थ. डॉक्टरांच्या लेखी जे पूर्वानुमान, ते वडिलांच्या लेखी धमकी ठरले. म्हणून अडसर एक नसून तीन आहेत, असे आम्ही म्हणतो. पहिला शब्दाचा, दुसरा अर्थाचा आणि तिसरा सत्तेचा. कागद कोणाचा, सही कोणाची आणि न जुमानल्यास दंड कोणाला, हा तिसरा अडसर होय. फॅडिमन पहिल्या दोहोंविषयी उत्तम लिहितात. तिसऱ्याची हकीकत त्या सांगतात, परंतु त्याचा विचार पुरता करीत नाहीत.

दुसऱ्या अडसरावर इंग्लंड-अमेरिकेतील रुग्णालयांनी काढलेला उपाय म्हणजे माहितीचे तक्ते. प्रत्येक धर्मासाठी एक रकाना, आणि त्यात आहार, प्रार्थना व मृतदेहाची व्यवस्था यांच्या सूचना. हेतू चांगला आहे. परिणाम पाहावयाचा असेल तर आपण आपलाच रकाना पाहावा. बौद्ध रुग्णाला मन जागृत ठेवावयाचे असते, म्हणून तो गुंगी आणणारी वेदनाशामके नाकारू शकतो, अशी सूचना त्यात सर्रास आढळते. काही साधकांच्या बाबतीत हे खरे असेलही. परंतु तिबेटी कुटुंबाला देह काही काळ हलवू नये असे वाटते, व्हिएतनामी वा चिनी कुटुंब अमिताभाच्या नामाचा जप करते, सिंहली घरात परित्त-पठण होते; आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅम-वुल्व्हरहॅम्प्टनकडील आंबेडकरानुयायी वृद्धाला कदाचित उशाशी बाबासाहेबांची तसबीर आणि पंजाबी वा मराठी बोलणारी परिचारिका हवी असते. 'बौद्ध' या एका शब्दाने यांतील काय कळते? रकाना वाचून एखाद्या कनवाळू परिचारिकेने वेदनाशामक देण्यास विलंब केला, तर तो क्रूरपणा धर्माच्या आदराच्या नावाने घडेल. भेसज्जक्खन्धकात औषधांना किती उदारपणे अनुमती दिली आहे, ते जिज्ञासूंनी पाहावे. यास्मिन गुणरत्नम यांनी 'डेथ अँड द मायग्रंट' (२०१३) या पुस्तकात इंग्लंडमधील स्थलांतरितांच्या मरणसमयींचा अभ्यास केला आहे. तो वाचला असता या तक्त्यांनी प्रत्यक्ष माणसापुढे किती कमी काम भागते, हे स्पष्ट होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेची आधुनिक चळवळ ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. त्याची प्रेरणा १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या रुग्णाची. हा वॉर्सॉहून आलेला ज्यू निर्वासित होता. त्या परक्या शहरात त्याला जवळचे असे कोणी नव्हते. सॉन्डर्स त्याच्याशी बोलत बसत. त्याने त्यांच्या भावी वास्तूतील एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेविले. म्हणजे या चळवळीचा आरंभच एका परक्या माणसाचे ऐकण्यातून झाला आहे. सॉन्डर्स यांच्या हाती कोणताही तक्ता नव्हता.

तक्त्याऐवजी काय, याचे उत्तर फॅडिमन आपल्या ग्रंथाच्या उत्तरार्धात देतात. आर्थर क्लाइनमन या मनोवैद्य व मानवशास्त्रज्ञाने रुग्णाला विचारण्यासाठी आठ प्रश्न तयार केले आहेत. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशाने झाले असे तुम्हांला वाटते, त्याची सर्वांत अधिक भीती कशाची वाटते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. ते वाचताना आम्हांस संयुत्तनिकायातील गिलानसुत्ताचे स्मरण झाले. आजारी उपासकाला दुसऱ्या उपासकाने कसा धीर द्यावा, असे महानाम शाक्य विचारतो. तथागत सांगतात ती रीत अशी : प्रथम त्याला त्याच्या श्रद्धेचे आणि शीलाचे आश्वासन द्यावे, मग विचारावे, आईवडिलांची चिंता वाटते काय? मग पत्नीची, मुलांची; आणि त्याच्या उत्तरानुसार एकेक पायरी पुढे जावे. उपदेश शेवटी, पृच्छा आधी. आम्ही हे साम्य बढाईसाठी सांगत नाही. प्रश्न विचारणे हीच मुळात सेवा आहे, एवढेच त्यातून दिसते. आणि प्रश्न विचारावयाचे तर ते रुग्णाच्या भाषेतच विचारावे लागतात.

विनयाच्या चुल्लवग्गात बुद्धवचन छंदसात बांधण्याची दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंची मागणी तथागतांनी नाकारली, आणि 'सकाय निरुत्तिया' शिकण्यास अनुमती दिली, हे प्रसिद्ध आहे. या पदाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. बुद्धघोष ते बुद्धांच्या मागधीला लावतात. आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेक 'ज्याची त्याची भाषा' असा अर्थ घेतात. आम्ही दुसरा अर्थ मानतो. परंतु आपल्याच परंपरेकडे पाहताना केवळ अभिमान पुरेसा नाही. मज्झिमनिकायातील अनाथपिंडिकोवादसुत्तात मरणशय्येवरील अनाथपिंडिक सारिपुत्तांचा उपदेश ऐकून रडतो. इतकी वर्षे सेवा करूनही अशी धम्मकथा आपण कधी ऐकली नाही, हे त्याच्या अश्रूंचे कारण. गृहस्थांना असे सांगण्याची रीत नाही, असे त्याला उत्तर मिळते. आणि तो विनवितो की ऐकून समजणारे गृहस्थही आहेत. भाषा एक, नगर एक, संघाशी जवळीक आयुष्यभराची. तरीही तिसरा अडसर तेथे होताच.

हा अडसर कायद्याने किती दूर होतो? अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळ या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. २००० साली निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी न येणाऱ्यांना भाषासाहाय्य देण्याची दिशा घालून दिली. मर्सेडच्या रुग्णालयाने २००९ च्या सुमारास ह्मोंग ओझ्यांना, म्हणजे 'त्सी नेंग' यांना, रुग्णाच्या खाटेपाशी विधी करण्याची लेखी अनुमती दिली. परंतु २००० सालचा तो आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द करण्यात आला. मूळ कायदा कायम आहे. तथापि दुभाष्या हा रुग्णाचा हक्क की व्यवस्थेची मेहेरबानी, हा प्रश्न फॅडिमन यांच्या ग्रंथाला पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही सुटलेला नाही.

आणि हा प्रश्न केवळ कॅलिफोर्नियाचा आहे काय? गडचिरोलीच्या माडिया रुग्णापुढे मराठीचे स्थान तेच आहे जे ह्मोंग रुग्णापुढे इंग्रजीचे. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारले. त्यांना आपल्या घरांसारख्या झोपड्या, नातेवाइकांना सोबत राहण्याची सोय आणि दंतेश्वरी देवीचे सान्निध्य हवे होते, आणि दवाखाना तसा उभा राहिला. ही उदाहरणे गौरवास्पद आहेत. ती बोटांवर मोजावी लागतात, हे खेदाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि अखेरच्या उपचारांविषयी आधी लेखी इच्छापत्र करून ठेवण्यास वाट दिली. २०२३ साली ती पद्धत काहीशी सुलभही केली. परंतु तो कागद भामरागडच्या वृद्धेला तिच्या भाषेत कोण वाचून दाखविणार? मर्सेडच्या जिन्यावरून पळणारा बाप आपल्याही जिन्यांवर असू शकतो.

शेवटी आपल्या विहारांविषयी. मरणासन्न उपासकाच्या घरी आम्ही परित्राणपाठासाठी जातो, तेव्हा पालीतील सुत्तांचे पठण होते. त्या परिचित स्वरांनी घराला धीर येतो, हे आम्ही पाहिले आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु पठण संपले की आम्ही उठतो. खाटेवरील माणसाला त्यातील अर्थ कळला काय, त्याला काही सांगावयाचे होते काय, हे विचारण्याची रीत आम्ही पाडलेली नाही. ज्या परंपरेने 'सकाय निरुत्तिया' म्हटले, तिच्या वारसांनी मराठी रुग्णाशी अखेरच्या घटकेला केवळ पालीत बोलावे, हा दोष आमचा आहे. महानामाला सांगितलेले प्रश्न साध्या मराठीत, आणि जेथे घरची बोली वेगळी असेल तेथे त्या बोलीत विचारता येतील. त्यासाठी पठणानंतर अर्धा तास बसण्याची तयारी लागेल. फॅडिमन यांचा ग्रंथ वाचून आम्ही आमच्यापुरता एवढा बोध घेतला आहे.